सीदेच्या किनाऱ्यावर दिवसभर लोळायचं तर

तुर्कस्तानात अंतल्या विमानतळावरून पूर्वेला साधारण ६५ किलोमीटर गेलं की सीदे लागतं. नावाचा अर्थ डाळिंब. इथल्या प्राचीन नाण्यांवरही डाळिंबाचं फळ आहे. गावाच्या दोन्ही अंगांना लांबच लांब वाळू आणि वाळूला लागून ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टं. मनगटाला पट्टा बांधला की खाणं, पिणं, छत्री, टॉवेल सगळं त्यातच. एक पूर्ण दिवस काहीही न करता घालवायला याहून सोयीची जागा आम्हाला माहीत नाही.

कोकणचा समुद्र पाहिलेल्या माणसाला इथे आधी नवल वाटतं ते पाणी जागचं हलत नाही याचं. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, इथे जेमतेम वीतभर. जिब्राल्टरची सामुद्रधुनी अगदी अरुंद ठिकाणी फक्त १४ किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे अटलांटिकची भरती आत फारशी पोचतच नाही. म्हणून तर पाण्यापासून दहा-पंधरा पावलांवर छत्र्या कायमच्या रोवता येतात.

आता ही छत्री नीट निवडा, कारण अख्खा दिवस तिच्यावर अवलंबून आहे. एका छत्रीच्या दोन्ही बाजूंना एकेक आरामखुर्ची असते. तुर्की लोक तिला शेझलाँग म्हणतात. समुद्राकडे तोंड केलं की पूर्व डावीकडे येते. जुलैत सकाळी दहाला दोन मीटर उंच छत्रीची सावली पावणेदोन मीटर उजवीकडे पडते, तेव्हा उजवी खुर्ची घ्यायची. सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, दुपारी एकला, कारण तुर्कस्तानचं घड्याळ वर्षभर ग्रिनिचच्या तीन तास पुढे असतं. मुंबईत जुलैमध्ये हीच वेळ पाऊणच्या सुमारास येते. एकनंतर सावली डावीकडे सरकते आणि पाचपर्यंत अडीच मीटरच्या पुढे, म्हणजे शेजाऱ्याच्या खुर्चीवर जाते. म्हणून रांगेच्या डाव्या टोकाची छत्री घ्यावी: संध्याकाळी खुर्ची मोकळ्या वाळूत ओढून सावलीमागे जाता येतं. रांगेच्या मधोमध ती सोय नाही, आणि चारनंतर भाजून निघालेली माणसं बहुतेक तिथलीच असतात.

सनस्क्रीनच्या बाबतीत आपली माणसं फार काटकसर करतात. सावळ्या कातडीलाही इथलं ऊन भाजतं. मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळी ३० ते ३५ मिलिलिटर लागतं. म्हणजे २०० मिलिलिटरची बाटली सहा वेळा पुरते, चौघांना दीड वेळा. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं, कारण टॉवेलने अंग पुसलं की बरंचसं निघून जातं. बाटल्या घरूनच न्याव्यात. पायाचा वरचा भाग, कान आणि भांगाची रेष हमखास विसरली जाते.

पोहायचं सकाळी. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २७ ते २९ अंश असतं आणि वारा पडलेला असतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात. लाल बावटा लागला तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नका; तळाशी पाय ओढणारा प्रवाह वरून दिसत नाही. पूर्वेकडच्या अलान्या शहराच्या दिशेला काही रिसॉर्टांपुढे पाण्याच्या कडेलाच गुळगुळीत शिळा आहेत. तिथे रबरी बूट हवेतच.

पोहून झालं की पोहण्याच्या तलावाकडे या. तुर्कीत त्याला ‘हावुझ’ म्हणतात. आपला हौदही त्याच अरबी शब्दातून आलेला. त्याच्याजवळच बहुधा एखाद्या झोपडीवजा छपराखाली गोझलेमे करणाऱ्या बायका बसलेल्या असतात. मैदा, पाणी आणि मीठ एवढंच पीठ, यीस्ट नाही. लाटणं आपल्यापेक्षा बरंच लांब आणि बारीक, जवळजवळ काठीच. पोळी लाटण्याभोवती गुंडाळत, तळव्यांनी मधून बाहेर दाबत सरकवतात आणि उलगडली की ती हातभर रुंद झालेली असते. अर्ध्या भागावर सारण, वर दुसरी बाजू दुमडायची, कडा बोटांनी दाबायची आणि मग ‘साज’वर टाकायची. साज म्हणजे उपडा, घुमटासारखा लोखंडी तवा. मांडे करणाऱ्याला तो आकार परका वाटणार नाही. दोन्ही बाजूंना तांबूस ठिपके आले की लोणी फिरवतात. ‘पेयनिरली’ म्हणजे चीजचं, ‘इस्पानाकली’ पालकाचं, ‘पातातेसली’ बटाट्याचं. ‘कियमाली’ मात्र खिम्याचं. रांग बाराला लागते, साडेअकराला गेलात तर गरम आणि निवांत मिळतं.

शाकाहारी लोकांनी बुफेत ‘झेयतिनयाली’ हा शब्द शोधावा. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या या भाज्या परंपरेने बिनमांसाच्या असतात. फरसबी आणि वांगं तर नक्की घ्या. फसगत होते ती पुलाव आणि मसूरच्या सूपमध्ये. दिसायला साधे, पण पुष्कळदा कोंबडीच्या नाहीतर मटणाच्या पाण्यात शिजवलेले. ‘एत सुयू वार मी?’ असं विचारा, म्हणजे मांसाचं पाणी आहे का. ताक हवं तर ‘आयरान’. खारट असतं आणि उन्हात कुठल्याही कोल्ड्रिंकपेक्षा बरं.

पट्ट्यात काय बसत नाही, तेही आधी विचारून घ्यावं: ताज्या संत्र्यांचा रस, परदेशी दारू आणि मसाजचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. निघायच्या दिवशी पट्टा अनेकदा दुपारी बारालाच बंद होतो.

जुलैत सूर्य आठ-सव्वाआठला मावळतो. तेवढ्यासाठी मात्र खुर्ची सोडा आणि दोल्मुश, म्हणजे तिथली शेअर मिनीबस, पकडून गावाच्या टोकाला, अपोलोच्या देवळाच्या संगमरवरी खांबांपाशी जा.

रात्री वाळूवर फिरताना टॉर्च लावू नका. मे ते ऑगस्ट लॉगरहेड कासवं या किनारपट्टीवर अंडी घालतात आणि पिल्लं सप्टेंबरपर्यंत बाहेर येत राहतात. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाहिलेल्यांना ठाऊक आहे, ती उजेडाकडे धावतात. मोबाइलचा दिवासुद्धा त्यांना समुद्राऐवजी हॉटेलकडे वळवतो. वाळूत जाळीचा पिंजरा ठेवलेला दिसला तर खाली घरटं आहे. तिथे ना टॉवेल पसरायचा, ना छत्री रोवायची.