पोरांना इमॅजिकाला कधी न्यायचं? आमचं जानेवारीत ठरलं

आमच्या घरात सुट्टी म्हणजे दुसऱ्यांची सुट्टी. गुहागरला आमची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे, चार खोल्या, आणि मागे हापूसची बाग. त्यामुळे पोरांच्या शाळेला सुट्टी लागली की अंगणात पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात आणि मी पहाटे साडेपाचला उकड काढायला उभी. दिवाळीत तेच, नाताळात तेच, मे महिन्याचं तर विचारूच नका. आमची पोरं पाहुण्यांच्या मुलांना समुद्रावर नेतात, कुर्ल्या कुठे सापडतात ते दाखवतात, आणि ती मुलं गेली की पुढची येतात.

मोठा सात वर्षांचा होता तेव्हा ठाण्याच्या एका मुलाने पडवीत बसून त्याला खोपोलीच्या इमॅजिका पार्कातल्या नायट्रो या रोलर कोस्टरची गोष्ट सांगितली होती. खाली फ्लोअरच नसतो म्हणे, पाय लोंबकळत राहतात आणि तसंच उलटं फिरवतात. मी आत भाकऱ्या करत होते, मला सगळं ऐकू येत होतं. रात्री त्याने विचारलं, "आई, आपण कधी जायचं?" त्याला आता चार वर्षं झाली. मी दर वेळी "बघू हां पुढच्या वर्षी" म्हणत आले, आणि या वर्षी मला जाणवलं की त्याने विचारायचंच बंद केलंय.

तेव्हा एकदाचं ठरवायला बसलो. घरात विषय काढला की सगळे बोलतात. पुण्याचे भावोजी म्हणाले, धाकटी साडेपाचची आहे, तिला काय आठवणार आहे, दोन-तीन वर्षं थांबा, ती आठ-नऊची झाली की दोघांचे पैसे वसूल होतील. वन्सं म्हणाल्या, जायचंच तर एकदाच सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या पार्कला जा, खोपोलीला काय जायचं. आणि माझी मैत्रीण, तिची मुलगी अडीच वर्षांची, ती म्हणते डिस्नेलँडला तीनच्या आत तिकीट लागत नाही, आत्ताच उरकून घेणार.

फुकटच्या हिशोबाचं मला खरंच पटत नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी जवळजवळ कोणालाच आठवत नाही हे खरं, पण माझा मुद्दा तो नाही. आठवलं नाही म्हणून वाया गेलं असं मी मानत नाही, धाकटीला पहिल्या शिमग्यातली पालखी आठवत नसेल, म्हणून तिला पालखीखालून न्यायचं नव्हतं का? माझा मुद्दा त्या दिवसाचाच आहे. त्या दिवशी पोराला झेपणार आहे का, एवढंच बघायचं.

आणि हे मी अनुभवावरून बोलते. मोठा पावणेचार वर्षांचा असताना आम्ही त्याला एका पार्कात नेलं होतं, लग्नासाठी तिकडे गेलो होतो तेव्हा, मे महिन्यात, रविवारी. ऊन असं की रेलिंगला हात लावून देईना. प्रत्येक रांग तासाची, आणि रांगेच्या टोकाला गेलं की पट्टी लावून मोजायचे आणि म्हणायचे याला नाही चालणार. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं. दुपारी त्याची झोपेची वेळ झाली तसा तो ह्यांच्या खांद्यावरच झोपला, आम्ही आंब्याच्या पेटीसारखं त्याला सांभाळत सावली शोधत फिरलो, आणि संध्याकाळी अंगावर घामोळं. त्याच्या वाट्याला आल्या त्या आगगाडीच्या दोन फेऱ्या.

म्हणून या वेळी मी आधी टेप काढली. पडवीच्या खांबाला दोघांना चप्पल काढून उभं केलं. मोठा १४१ सेंटीमीटर, धाकटी १०८. हे दोन आकडे वयापेक्षा जास्त उपयोगाचे आहेत, कारण सगळीकडे राइडवर सोडतात ते उंची बघूनच, सीटच्या वरून येणारं लॉक अंगाला नीट बसलं पाहिजे, त्यात गंमत नाही. आपल्याकडे बऱ्याच पार्कांत तर लहान मुलाचं तिकीटही उंचीवर असतं. नायट्रोसारख्या मोठ्या कोस्टरला साडेचार फुटांच्या आसपास लागते, म्हणजे मोठा नुकताच बसतोय त्यात, गेल्या वर्षी बसला नसता. सिंगापूरचंही बघितलं मी, वन्सं एवढं म्हणाल्या म्हणून. तिथे चार वर्षांपासून मुलांचं तिकीट लागतं, ट्रान्सफॉर्मर्सच्या राइडला १०२ सेंटीमीटर चालतात, ममीला १२२ लागतात आणि गॅलॅक्टिकाला १२५. म्हणजे धाकटीला तिथेही मोठे कोस्टर बाहेरूनच बघायचे, आणि त्यासाठी चौघांचे पासपोर्ट, विमानं. ती १२५ ची होईल तेव्हा बघू, त्याला तेव्हा वाटलं तर मोठाही येईल.

हे "त्याला वाटलं तर" माझ्या डोक्यात बसलंय. भावोजींचं ऐकून तीन वर्षं थांबले तर धाकटी बरोबर वयात येईल, पण मोठा नववीत असेल. आमच्या आळीतली नववीतली मुलं मी बघते ना, ती आईबापाबरोबर बाजारात यायलाही तयार नसतात, त्यांची चूक नाही, वयच तसं. आत्ता तो सहावीत आहे, स्कॉलरशिप नाही, बोर्ड नाही, अजून रात्री माझ्या बाजूला येऊन काहीबाही सांगत बसतो. दोन मुलं असली की सगळे धाकट्याच्या वयावरून ठरवतात, मी मोठ्यावरून ठरवलं. धाकटीचं वय परत जुळवता येईल. तिला आत्ताही अगदीच काही नाही असं नाही, टबी हत्तीची राइड आहे, मोठ्या माणसाबरोबर बसायच्या आहेत, आणि राजासॉरसची बोट आहे. राजासॉरस हा खरंच आपल्याकडचा डायनासोर, गुजरातेत नर्मदेच्या बाजूला त्याची हाडं सापडलीत, हे मोठ्याने तिला पुस्तकातून दाखवलं तेव्हापासून ती बोटीसाठी तयार आहे. उंची पुरली तर बसेल, पण आत अंधार असतो आणि ती अंधाराला घाबरते. नाही बसली तर नाही बसली, तिला ओढून न्यायचं नाही असं मी ह्यांना बजावून ठेवलंय.

आता कधी, ते खरं अवघड. कोकणात राहून, त्यात बाग आणि पाहुणे, वर्षात मोकळे दिवस शोधून बघा. फेब्रुवारी संपत आला की ह्यांचं सगळं लक्ष बागेत, मार्चात शिमगा, पालखी घरी येणार, तेव्हा घर सोडायचं नाही. एप्रिल-मे काढणी, हातात आंबे उतरवायचा झेला, पेट्या भरायच्या, वर पाहुणे. जूनमध्ये पाऊस लागला की आम्ही मोकळे, पण शाळा सुरू, आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी, तिथे पाऊस काय पडतो ते एक्स्प्रेसवेने गेलेल्या कोणालाही विचारा, विजा कडकडल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. गणपतीत इकडच्या शाळांना चांगली सुट्टी असते, पण गणपतीत कोकणातून बाहेर जाणारा माणूस मी अजून बघितला नाही, सगळं जग उलट इकडे येतं. मग दिवाळी, मग नाताळ, एक तारखेपर्यंत खोल्या फुल्ल.

राहतं काय, तर संक्रांत झाली की २६ जानेवारीच्या आधीचे आठ-दहा दिवस. तेव्हा मोहोर आलेला असतो, फवारणीचं दोन दिवस मागेपुढे करता येतं, आणि मधल्या वारी पाहुणे तुरळक. शाळा बुडवायला लागेल दोन-तीन दिवस. बाईंना आधीच जाऊन स्पष्ट सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, परत आला की वर्गात सांगायला लावते त्याला. मला बरं वाटलं, मी उगाच ताप-सर्दी लिहिणार नव्हते. मंगळवार-बुधवार धरलाय, शनिवार-रविवारची रांग मला परत नको. पण मधल्या वारी जाणार असाल तर त्यांच्या वेबसाइटवर तारीख उघडी आहे ना ते बघूनच गाडीचं तिकीट काढा, कमी गर्दीच्या दिवसांत पार्क कधीकधी बंद ठेवतात.

वॉटर पार्क या वेळी नाही. जानेवारीत सकाळी गार असतं आणि पाण्याचं आमच्या पोरांना कौतुकही नाही, घरासमोर समुद्र आहे. दोन्ही एकाच दिवसात करायला जाऊ नका असंच मी म्हणेन, लहान मूल बरोबर असेल तर नक्कीच.

चिपळूणपर्यंत गाडीने, तिथून कोकण रेल्वेने पनवेल, चार-साडेचार तास, पुढे खोपोलीला टॅक्सी. हे म्हणत होते घरची गाडी घेऊया, पण हायवेवर एवढा वेळ चालवून दुसऱ्या दिवशी उभं राहायचं त्यांच्या कमरेला जमणार नाही. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम, सकाळी गेट उघडताना हजर, मोठी राइड पहिल्या तासात. मोठ्याबरोबर हे बसणार, मी धाकटीजवळ, मग डीप स्पेस या दुसऱ्या कोस्टरला आम्ही अदलाबदल करणार, कारण मलाही बसायचंय. दुपारी जेवून दीड तास सावलीत काहीही करायचं नाही, धाकटी झोपली तर झोपू द्यायची. सगळ्या राइड झाल्याच पाहिजेत हा हट्ट नाही.

सासूबाई पण येतायत. मी विचारलं तर आधी म्हणाल्या, "अगो, मी काय करू तिथे, तुम्ही जा." मग रात्री हळूच ह्यांना विचारत होत्या की त्या बोटीत म्हाताऱ्या माणसाला बसवतात का.

परवा पुण्याहून एका जुन्या पाहुण्यांचा फोन आला, नेमके तेच दोन दिवस हवे होते, तीन खोल्या. मोठा तिथेच अभ्यास करत बसला होता, त्याने पेन खाली ठेवलं. मी सांगितलं, त्या दिवसांत आम्ही घरी नाही हो, बाहेरगावी जातोय सगळे. फोन ठेवला तर तो उठून खांबापाशी गेला आणि परत उंची मोजायला लागला.