आखाडातला खिमा-बटाटा: ओटीजीपुढचे चार रविवार

पाव जमला, नानकटाई जमली, म्हणून यंदा ओटीजीत, म्हणजे विजेवरच्या छोट्या भट्टीत, अख्खं जेवणच लावायचं ठरवलं. खाली खिमा, वर बटाट्याच्या चकत्या, मध्ये पांढरा सॉस, शेवटी चीज. अमेरिकेत याला कॅसरोल म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच, तोही भांड्याचा. भांड्यावरून पदार्थाला चिकटला, आपल्याकडे हंडीचं झालं तसं. त्यांच्याकडे हा घाईच्या रात्रीचा स्वयंपाक. गोमांसाचा खिमा परतायचा, बटाटे चिरून रचायचे, मशरूम सूपचा डबा ओतायचा आणि 350 फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या 177 अंशांना, आत ढकलून द्यायचं. इंग्रजांचा कॉटेज पाय याच भावकीतला, फक्त त्यात बटाटा कुस्करून घालतात. मेंढीचं मटण असलं की त्यालाच शेफर्ड्स पाय म्हणतात.

गोमांस आमच्या घरात चालत नाही, आणि कर्नाटकात 2020च्या कायद्यानं गाईबैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे तो विषय तिथंच संपला. बोकडाचा खिमा घेतला. मांस बदललं की बाकी सगळं तसंच ठेवायचं, असा माझा समज होता. तो पुढं महागात पडला.

मुदत आपोआप ठरलेली: श्रावण लागायच्या आत. श्रावणात आमच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नाही. आखाडातले चार रविवार हातात होते. बाहेर बेळगावचा पाऊस धरून बसलेला, कपडे वाळत नाहीत, घरात सगळ्यांना सारखी भूक. गरम भांडं मध्ये ठेवून भोवती बसायचे हेच दिवस.

पहिला रविवार

खिमा पाऊण किलो, बटाटे एक किलो. ओटीजी 28 लिटरचा आहे. अमेरिकन पाककृतीतलं 13 बाय 9 इंचांचं भांडं त्यात तिरकंसुद्धा बसत नाही, म्हणून दोन लिटरचं काचेचं भांडं घेतलं. कांदा, आलं-लसूण, तीन टोमॅटो आणि घरची कांदा-लसूण चटणी घालून खिमा दहा मिनिटं परतला. बटाट्याच्या चकत्या सुरीनं केल्या, काही जाड, काही पातळ. थरांवर दूध आणि साय ओतली, ओटीजीचा काटा 180वर ठेवला आणि तासाभरानं भांडं बाहेर काढलं.

वरून रंग असा की फोटो काढावा. चमचा घातला तर बटाटा करकर वाजला. दूध फुटून त्याचे कण खिम्यात तरंगत होते. खिमाही दाताला चिवट लागत होता. अमेरिकेत दहा मिनिटांत काम होतं ते गोमांसाच्या खिम्याचं. बोकडाला तेवढ्यानं काही होत नाही.

दूध ओतताना आई मागेच उभी होती. "मटणात दूध घालायलास? अंगावर कोड येतंय रे." मी म्हटलं, आई, ते सगळं जुनं. त्यावर ती काही बोलली नाही, भाकरी थापायला घेतली. त्या रात्री भाकरी, अंडा-बुर्जी आणि वरच्या थरातला थोडा खिमा, असं जेवण झालं.

मधला बुधवार

मी उद्यमबागेत फौंड्रीत काम करतो. भट्टीच्या काट्यावर आमच्यात कुणी विश्वास ठेवत नाही, वायर आत सोडून मोजतात. घरी मात्र मी काट्यावर भरवसा ठेवून बसलो होतो. बुधवारी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची ती वायर, आणून ओटीजीत सोडलं. काटा 180 दाखवत होता, आत होते 154. काटा 205वर नेला तेव्हा आतले 180 झाले. ज्यांच्याकडे ओटीजी आहे त्यांनी एकदा तरी हे मोजून बघा, ओव्हनचा साधा थर्मामीटरही चालतो.

पण एवढ्यानं माझं समाधान झालं नाही. तासभर आत ठेवूनही बटाटा कच्चा राहतो म्हणजे आणखी काहीतरी असणार. दोन स्टीलच्या पातेल्या घेतल्या. एकाच बटाट्याच्या सारख्या चकत्या दोन्हीत टाकल्या. एकीत मिठाचं पाणी, दुसरीत टोमॅटोचा रस आणि तेवढंच मीठ. दोन्ही मंद आचेवर बारा मिनिटं. पाण्यातली चकती काट्यानं उचलायला गेलो तर मोडली. टोमॅटोतली उचलली, वाकवली, तरी ताठ. कडेला नख लावलं तर कच्च्या पेरूसारखं.

तर दोष टोमॅटोच्या आंबटपणाचा. बटाट्याच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. साधारण 85 अंशांच्या वर ते पेक्टिन ढिलं पडतं आणि बटाटा मऊ होतो. आंबट रसात ते लवकर सुटत नाही. आमच्या आयांना हे फार आधीपासून माहीत आहे. बटाट्याच्या रश्श्यात चिंच किंवा आमसूल बटाटा शिजल्यावरच पडतं. मी मात्र तीन टोमॅटो चकत्यांच्या अंगाला लावून वर तासभर वाट बघत बसलो होतो.

दुसरा रविवार

टोमॅटो एकच. चकत्या वेफर्सच्या किसणीवर, साधारण तीन मिलिमीटरच्या, मिठाच्या उकळत्या पाण्यातून पाच मिनिटं काढून फडक्यावर पसरलेल्या. खिमा आधी झाकण ठेवून पंचवीस मिनिटं शिजवला, मग झाकण काढून कढई खरवडल्याचा आवाज येईपर्यंत कोरडा केला. दूध तसंच न ओतता पांढरा सॉस केला: दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा, 400 मिलिलिटर दूध, किंचित जायफळ. मैद्याच्या पिठाळपणामुळे दूध फुटत नाही. डब्यातलं सूप नेमकं हेच काम करत असतं, त्याचा बाऊ करायचं कारण नाही.

बटाटा शिजला, दूध फुटलं नाही. पण वरची चकत्यांची रांग वीस मिनिटांतच काळपट झाली आणि चवीला गोडसर लागली. मुलीनं विचारलं, "बाबा, यात साखर घातलाय काय?"

साखर बटाट्यातच होती. आमच्याकडचा जवारी बटाटा जूनमध्ये लावतात आणि पावसाळा संपता संपता काढतात. जुलैत मार्केटला जो बटाटा असतो तो आग्र्याचा किंवा इंदूरचा, शीतगृहातून आलेला. गारठ्यात राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होत जाते आणि तीच भट्टीत करपते. वेफर्स करणारे बायका-पुरुष असा बटाटा लगेच किसत नाहीत, काही दिवस बाहेर ठेवतात, मग साखर उतरते. मी दोन किलो आणून माळ्यावर गोणपाटावर, अंधारात पसरून ठेवले. उजेडात ठेवू नका, हिरवे पडतात.

तिसरा रविवार

लाईट गेली. भांडं आत जाऊन पंचवीस मिनिटं झाली होती. अर्धा तास वाट बघितली. काचेचं भांडं गॅसवर ठेवलं तर तडकणार. शेवटी बायकोनं सगळं उलथण्यानं पातेल्यात उतरवलं, खाली तवा सरकवला, वर जड झाकण ठेवलं. थर मोडले, सॉस खिम्यात मिसळला, तळाला खरपूड धरली. ती खरपूड खायला भांडणं झाली. लाईट रात्री साडेदहाला आली. या रविवारची प्रगती शून्य लिहितोय, पण जेवण चांगलं झालं होतं हेही लिहायला हवं.

चौथा रविवार

दिव्याच्या अवसेच्या आधीचा हा शेवटचा रविवार. खाटकाकडं सकाळी सातला रांग. मांडीचा खिमा घेतला, पाऊण किलोला शंभर ग्रॅम चरबी वेगळी घालून एकदाच मशीनमधून काढून घेतला. दोनदा काढला की लगदा होतो. अमेरिकन पाककृतीत वीस टक्के चरबीचा खिमा सांगतात. बोकडाचा खिमा नुसता घेतला तर फार कोरडा. पण चरबी वाढवली की दुसरी पंचाईत: ती लवकर थिजते आणि टाळूला चिकटते. म्हणून खिमा कोरडा होताना सुटलेली चरबी वाटीत काढली आणि त्यातली दोन चमचे लोण्याऐवजी सॉसला वापरली. उरलेली आईनं डब्यात भरून ठेवली, कशाला ते मला सांगितलं नाही.

तिखटाचंही गणित बदललं. नुसती संकेश्वरी मिरची घातली की दुधाची चव मरते आणि नुसती ब्याडगी घातली तर घरचे विचारतात, तिखट विसरलास काय? ब्याडगीची पूड एक मोठा चमचा रंगासाठी, संकेश्वरीची अर्धा लहान चमचा झणक्यासाठी. कांदा-लसूण चटणी या वेळी बाजूला ठेवली. माझ्या मते या पदार्थात ती सगळ्यांवर कुरघोडी करते. मिरी मात्र हात सैल सोडून घातली.

दहा दिवस माळ्यावर राहिलेले बटाटे. चकत्यांचा एक थर, खिमा, सॉस, पुन्हा चकत्या, पुन्हा सॉस. ओटीजी आतून खरोखर 180. फॉइल घट्ट बांधून चाळीस मिनिटं, मग फॉइल काढून, चीज किसून पंधरा मिनिटं. चीज आधी घातलं तर चामडं होतं. मधोमध वायर खुपसली तर 94 अंश. पहिल्या रविवारी कशामुळे फसलो त्याचा अर्धा हिशोब इथं लागला: खिम्याला 71 अंश झाले की पुरे, बटाट्याला नाही. म्हणायला हा खिम्याचा पदार्थ, पण घड्याळ बटाट्याचं लावायचं.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू दिला नाही. तेवढ्यात सॉस धरतो आणि वडी कापल्यासारखा तुकडा निघतो. सुरी वरच्या चीजमधून कुडकुड करत गेली, बटाट्यात शिरताना आवाज बंद झाला, तळाशी खिम्याचं तांबूस तेल कडेला आलं. सगळे थर वेगवेगळे दिसत होते. अण्णांनी तुकडा ताटात घेतला, शेजारी कांदा फोडला, लिंबू पिळलं आणि जोंधळ्याच्या भाकरीनं खायला सुरुवात केली. बटाट्याबरोबर भाकरी कशाला, असं मी म्हणणार होतो, पण ते तिसरा घास घेत होते.

आईसाठी एक छोटं भांडं वेगळं लावलं होतं. दुधाऐवजी नारळाचं दाट दूध, मैदा तेवढाच, चीज नाही, वरून थोडं सुकं खोबरं. तिची समजूत काढायला केलं होतं. तिनं निम्मं खाल्लं आणि उरलेलं नातीपुढं सरकवलं. मीही त्यातला एक चमचा घेतला. खरं सांगतो, माझ्या चार रविवारांच्या भांड्यापेक्षा तेच उजवं होतं. नारळाच्या दुधात संकेश्वरीचा झणका दबत नाही आणि बोकडाच्या चरबीचा वासही आटोक्यात राहतो.

पुढची नोंद आता दसऱ्यानंतरच. तोवर लाल मातीतला नवा जवारी बटाटा मार्केटला आलेला असेल, माळ्यावर ठेवायची गरज पडणार नाही. नारळाच्या दुधाला मैद्याऐवजी तांदळाचं पीठ लावून बघायचंय. त्याचं प्रमाण कुणाकडं बसलेलं असेल तर कळवा, आणि वर खरपूस रंग यायला चीजच्या जागी काय वापरता तेही.