तो काळा गोटा कोणाचा?

आफ्रिकी तत्त्वज्ञानावर बोलून झालं की श्रोत्यांतून कोणीतरी हमखास विचारतं, "उबुंटू, म्हणजे माणूस एकमेकांमुळे माणूस असतो हा विचार, वगैरे गावापुरतं छान आहे हो, पण खनिजांवरून देशादेशांत ओढाताण चालते तिथे त्याला कोण विचारतो?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

मला दर वेळी एक काळा गोटा आठवतो. दोनापावलाला समुद्रविज्ञानात काम करणाऱ्या मैत्रिणीने तो माझ्या तळहातावर ठेवला होता. बटाट्याएवढा, खरखरीत, फुटलेल्या बाजूला कांद्यासारखे पापुद्रे. आत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. दहा लाख वर्षांत हा जेमतेम काही मिलिमीटर वाढतो, असं ती म्हणाली, आणि मी तो दोन्ही हातांनी धरला. १९८१ साली आपल्या 'गवेषणी' जहाजाने असे गोटे पहिल्यांदा समुद्राच्या तळावरून वर काढले. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरवर त्यांच्या शोधाचा करार भारताकडे आहे.

पण तो तळ कोणत्याच देशाच्या हद्दीत नाही. १९६७ साली माल्टाचे राजदूत अर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मागणी केली, की हद्दींपलीकडचा समुद्रतळ मानवजातीचा सामायिक वारसा मानावा. १९८२च्या सागरी कायद्याच्या करारात ते आलं. तिथल्या खनिजांवरचा हक्क साऱ्या मानवजातीचा, आणि तिच्या वतीने कारभार जमैकातल्या किंग्स्टनच्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचा.

आता मानवजात म्हणजे कोण? उबुंटू इथे कामाला येतं. 'उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू', माणूस माणसांमुळे माणूस होतो, ही झुलू म्हण आपण चांगुलपणाची शिकवण म्हणून वाचतो आणि पुढे जातो. मोगोबे रामोसे यांच्यासारखे तत्त्वज्ञ मात्र त्या 'माणसां'त हयात असलेले, गेलेले आणि अजून जन्मायचे, असे सगळे धरतात. केनियाचे जॉन म्बिती गेलेल्यांना 'जिवंत मृत' म्हणत. ओळखीने आठवण काढणारं कोणी आहे तोवर ते घरातलेच. एवढं मोठं कुटुंब धरलं की हयात पिढी मालक उरत नाही, राखणदार होते. जो बोलायला हजर नाही त्याचाही वाटा आधी बाजूला काढावा लागतो.

२०१८ साली प्राधिकरणातल्या आफ्रिकी देशांच्या गटाने लेखी विचारलं, की खाणकाम करणाऱ्या कंपन्यांकडून घ्यायच्या रकमेचा जो आराखडा पुढे आहे त्यात मानवजातीच्या हातात नेमकं पडतं काय? आणि जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघतो. तळातून माल येऊ लागला तर तिथल्या पोटावर पाय येईल, त्याचं काय? त्या कागदाला मी उबुंटूच्या उजेडात वाचते, हे माझं वाचन.

एक धोका मात्र मला खरोखर बोचतो. समूहाचं नाव घेऊन त्याचा वाटा सरकारंच गिळतात. केनियात १९७०च्या दशकात बोगोरिया सरोवराकाठच्या एंडोरोइस लोकांना अभयारण्यासाठी हुसकलं गेलं. आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आफ्रिकी मानवाधिकार सनदेचं २१वं कलम नैसर्गिक संपत्तीचा हक्क 'लोकां'ना देतं, आणि ते लोक म्हणजे सरकार नव्हे, तिथे राहणारी माणसं, हे त्यातून स्पष्ट झालं. घानाचे तत्त्वज्ञ क्वामे ग्येक्ये म्हणूनच बजावत राहिले, की समूहात माणूस विरघळून जात नाही.

समुद्रतळाच्या खाणकामाची नियमावली २०२५च्या बैठकांतही पक्की झाली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने, जी या करारात नाहीच, आपल्याच कायद्याखाली परवाने देण्याचा आदेश काढला. भारत करारात आहे. किंग्स्टनला आपण आफ्रिकी गटाशेजारी बसून आधी वाट्याचा हिशेब मागावा, यंत्रं नंतर उतरवावीत, असं मला मनापासून वाटतं.