बांधावरचा एकटा कडुलिंब

शेतातलं एकटं झाड आपोआप एकटं उरलेलं नसतं. जमीन कसताना कुणीतरी ते राखलेलं असतं: दुपारच्या भाकरीला सावली हवी म्हणून, बैल बांधायला, नाहीतर बुंध्याशी शेंदूर फासलेला म्हसोबा आहे म्हणून. पुरंदर तालुक्यातला असाच एक कडुलिंब मी ऑक्टोबर ते मार्च टिपला. फ्रेममधून काय वगळलं की तो एकाकी दिसतो आणि काय राहू दिलं की माणसांतला वाटतो, एवढंच शोधायचं होतं.

सुरुवातीला अडलं ते अंतराशी. वाइड लेन्स घेऊन जवळ गेलं की झाड ऐटदार दिसतं आणि एकटेपणा संपतो. झाडाने फ्रेमच्या उंचीचा सहावा भाग व्यापला तर भोवतालची रिकामी जागा बोलायला लागते, असं माझं मत झालं आहे. फुल फ्रेम कॅमेरा (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा) आडवा धरला तर दहा मीटर उंच झाड २४ मिमी फोकल लेंथच्या लेन्सला ६० मीटरवरून आणि १०० मिमीला २५० मीटरवरून एवढंच दिसतं. फरक पडतो मागच्या डोंगरात. जवळून तो बुटका होतो, लांबून अंगावर येतो. मी लांबचं निवडलं.

मग डोंगराची रेघ. ती फांद्यांमधून गेली की झाडाची कड हरवते. कॅमेरा मीटरभर खाली आणला की दूरच्या डोंगराची रेघ झाडावर जवळपास मीटरभरच खाली सरकते. तेवढ्याने भागलं नाही तर झाडाकडे चालत जायचं. विजेचा खांब असेल तर दोन पावलं बाजूला सरकून तो बुंध्यामागे लपतो का पाहायचं. तारा मात्र लपत नाहीत, तिथे जागाच बदलावी लागते.

पावसाळा सरल्यावर, आदल्या रात्री आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असेल, तर पहाटे सखल रानात धुकं बसतं. सूर्य उगवल्यावर ते फार टिकत नाही, म्हणून ट्रायपॉड अंधारातच लावायचा. धुक्यात तीन गोष्टी बिघडतात. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पांढरेपणाला फसून फोटो राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय) +०.७ ते +१ द्यायचं. ऑटोफोकस भरकटतो, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चालू चित्र) मोठा करून बुंध्याच्या कडेवर हाताने फोकस करायचा. आणि गाडीतल्या एसीत बाहेरच्या हवेपेक्षा गार झालेल्या लेन्सवर दव धरतं, म्हणून बॅग बंद ठेवूनच ती अर्धा तास बाहेर ठेवायची. बाकी साधं: छिद्र (अपर्चर) एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, रॉ म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल. एफ/१६ ला सेन्सरवरची धूळ मोकळ्या आभाळात ठिपक्यांसारखी उठते. जेपीईजी ताणली तर धुक्याच्या हळुवार छटांत पट्टे पडतात. एडिटिंगमध्ये धुकं कमी करणारा स्लायडर मी हात न लावता सोडतो. ज्यासाठी पहाटे उठलो तेच तो पुसतो.

माणसाची खूण ठेवायची तर छोटी. बुंध्याकडे जाणारी पायवाट, फांदीला टांगलेली पाण्याची बाटली, ज्वारी काढणीच्या दिवसांत सावलीत ठेवलेलं फडकं बांधलेलं टोपलं. माणूस स्वतः असेल तर तो झाडाच्या सावलीत किंवा झाडाकडे चालत येताना हवा. पाठ करून फ्रेमबाहेर निघाला की झाड सोडून दिल्यासारखं वाटतं. तोही फोटो खरा, पण वेगळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाची पानं गळतात, फांद्यांचा सांगाडा दिसतो. तेव्हा सूर्य झाडामागे ठेवून –१.५ वर छायाकृती घ्यावी. पालवी तांबूस फुटते, तेव्हा रंगीतच बरा.

शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधावर पाय ठेवू नये, उभ्या पिकात तर नाहीच. जपानच्या होक्काइदो बेटावर बिएई इथे 'तत्त्वज्ञ झाड' म्हणून गाजलेला पॉप्लर मालकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पाडला. झाड थकलेलं होतंच, पण फोटोसाठी लोक शेतात घुसत होते आणि मालक त्याला वैतागला होता. पुरंदरच्या या कडुलिंबाचा नेमका ठावठिकाणा मी म्हणूनच देत नाही. आठ बाय बारा इंचांची एक प्रिंट मात्र शेतमालकाच्या घरी पोचवली आहे, पायवाट दिसते ती.