फ्लॅट विकताना दलाली: किती, कशावर आणि कधी

मुंबई-पुण्याकडे रीसेलचा फ्लॅट विकायला काढला की एजंट सहसा एक ते दोन टक्के दलाली सांगतो. विकणाऱ्याकडून वेगळी, घेणाऱ्याकडून वेगळी. दोन्ही पार्ट्या एकाच एजंटच्या असतील तर दोन्हीकडचे पैसे त्यालाच मिळतात. हा दर कुठल्याही कायद्याने ठरवलेला नाही, महारेराने (घरबांधणी व्यवहारांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) देखील नाही. त्यामुळे घासाघीस जरूर करा.

समजा फ्लॅट ८० लाखांना गेला आणि दलाली दोन टक्के ठरली. झाले १,६०,००० रुपये. एजंटची जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी २८,८००. सांगितलेला टक्का जीएसटी धरून की सोडून, हे पहिल्याच भेटीत विचारा. जीएसटी लावणाऱ्याने जीएसटी क्रमांक छापलेलं बिल दिलंच पाहिजे.

सगळ्यात जास्त सावध व्हायचं ते एका प्रश्नाला: ‘तुमच्या हातात किती पाहिजेत?’ तुम्ही ७५ म्हणालात की वरचे सगळे आपले, असा त्यामागचा हिशेब असतो. ग्राहक ८० ला तयार झाला की करारात ८० येतात आणि वरचे पाच लाख तुमच्याकडून रोख मागितले जातात. कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतला करपात्र नफा, मात्र तुमच्या नावावर पूर्ण ८० लाखांवर मोजला जातो. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर आयकर कायद्यातच बसत नाही. म्हणून हातातल्या रकमेवर बोलूच नका. टक्क्यावर बोला, आणि किमतीची अंतिम बोलणी घेणाऱ्यासमोर बसून करा.

किंमत उतरवायचा आग्रह एजंट का करतो, हेही आकड्यातच दिसतं. ८२ चे ८० केले तर तुमचे दोन लाख जातात, एक टक्केवाल्याचे फक्त दोन हजार. त्याला सौदा लवकर मिटलेला परवडतो.

दलाली द्यायची कधी, यावरून खरी भांडणं होतात. टोकन, म्हणजे घेणाऱ्याची सुरुवातीची आगाऊ रक्कम, आलं की पूर्ण दलाली मागायची काहींची पद्धत आहे. ती मान्य करू नका. टोकननंतरही बरंच अडतं: घेणाऱ्याचं कर्ज नामंजूर होतं, सोसायटीची थकबाकी निघते, पहिल्या मालकाचा मूळ करार सापडत नाही. सौदा मोडला की दिलेली दलाली परत मिळवणं फार कठीण. अर्धी साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी झाल्यावर आणि अर्धी बँकेची शेवटची रक्कम खात्यात आल्यावर, ही वाटणी दोघांनाही न्याय्य आहे. साध्या कागदावर का होईना, टक्का, जीएसटी आणि हे दोन टप्पे लिहून दोघांच्या सह्या घ्या.

फ्लॅट तीन-चार एजंटांकडे दिला असेल तर कोणी कुठला ग्राहक कोणत्या तारखेला दाखवला, हे त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर नावासकट लिहून घ्या. एकच ग्राहक दोघांकडून येतो आणि नंतर दोघंही दलालीवर हक्क सांगतात.

पैसे चेकने किंवा बँक ट्रान्स्फरनेच द्या आणि पावती जपा. कॅपिटल गेन काढताना ही दलाली विक्रीचा खर्च म्हणून वजा होते. रोख दिलेली, बिनपावतीची दलाली सिद्ध करणं अवघड जातं.