फोर्ट्रान ७७ पुन्हा चालवताना

उष्णतावहनाचं गणित सोडवणारा एक जुना प्रोग्रॅम माझ्याकडे आला, फोर्ट्रान ७७ या प्रोग्रॅमिंग भाषेतला. पायथनमध्ये नव्याने लिहून काढ, असं जो तो म्हणाला. (पायथनची गणिती लायब्ररी न्यूमपाय ज्या लॅपॅक नावाच्या लायब्ररीच्या जिवावर समीकरणं सोडवते, ते मूळ फोर्ट्रानमध्येच आहे, हे सांगितलं की विषय बदलतो.) मी फाइल आहे तशी जीफोर्ट्रान या फोर्ट्रान कंपायलरला दिली. १९७८ साली मंजूर झालेल्या मानकातली भाषा, कंपायलर आजचा, आणि एकही एरर नाही!

उत्तरं मात्र भलतीच.

कारण निघालं पंचकार्डांच्या काळातलं. या भाषेत ओळीचे रकाने (एका अक्षराची जागा म्हणजे एक रकाना) ठरलेले असतात: पहिल्या पाचांत लेबल, सहाव्यात खूण केली तर आधीची ओळ पुढे चालू, सात ते बहात्तरमध्ये खरा मजकूर. त्यापुढचं कंपायलर वाचतच नाही. मूळ ओळी टॅबने सुरू होत, आणि तो टॅब मजकूर थेट सातव्या रकान्यात नेई. मधल्या काळात कुणाच्या तरी एडिटरने प्रत्येक टॅबच्या जागी आठ स्पेस घातल्या. सातव्या रकान्यातला मजकूर नवव्यात सरकला आणि लांब ओळींची शेवटची दोन अक्षरं हद्दीबाहेर गेली. सहा अक्षरी नाव चार अक्षरी झालं. तरी तक्रार नाही, कारण व्हेरिएबल आधी जाहीर करायची सक्तीच नाही. आय ते एनपैकी अक्षराने सुरू होणारं नाव पूर्णांक, बाकी सगळी रिअल. कंपायलरने मुकाट नवं व्हेरिएबल धरलं. सगळ्या वॉर्निंग चालू केल्यावर तुटलेल्या ओळी दिसल्या. प्रत्येक सबरूटीनच्या (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र तुकड्याच्या) माथ्यावर 'इम्प्लिसिट नन', म्हणजे जाहीर न केलेलं नाव चालणार नाही, असं लिहिल्यावर उरलीसुरली नावंही सापडली.

मग एक सबरूटीन. आधीच्या कॉलमधली किंमत पुढच्या वेळी तशीच मिळेल, हे तिने गृहीत धरलेलं. अनेक जुने कंपायलर स्थानिक व्हेरिएबल कायमच्या जागी ठेवत, म्हणून ते खपून गेलं असणार. मानकाप्रमाणे तिथे किंमत जपून ठेवायला सांगणारं 'सेव्ह' हवं. ते लिहिलं आणि आकडे जुन्या छापील आउटपुटशी जुळले.

या निमित्ताने सगळा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला आणि मजा आली. सूत्र कागदावर दिसतं जवळजवळ तसंच समोर. फोर्ट्रान अ‍ॅरे स्तंभक्रमाने साठवतं, म्हणजे एका स्तंभातले आकडे मेमरीत शेजारीशेजारी. लिहिणाऱ्याने सर्वांत आतला लूप पहिल्या इंडेक्सवरच फिरवला होता, म्हणजे मेमरी सलग वाचली जाते. इतकी समज असलेल्या माणसाचा कोड फेकवत नाही.

कॉमन ब्लॉक, म्हणजे अनेक सबरूटीननी मिळून वापरायच्या मेमरीच्या जागा, अजून तसेच आहेत. ते मोडायला लागणारी हिंमत अजून गोळा झालेली नाही.