तुम्ही विचारलंत म्हणून: लाँग (लांब उडी) सोडून ट्रिपलला (तिहेरी उडीला) का गेले

"लाँग जंप चांगली होती की तुझी. ट्रिपलला कशाला गेलीस?"

हा प्रश्न मला आत्याने विचारलाय, ऑफिसातल्या साहेबांनी विचारलाय, मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोहे खाता खाता विचारलाय. पुढचं वाक्य कुणी बोलत नाही, पण मला ऐकू येतं: नसती गेलीस तर पाय शाबूत राहिला असता. आजवर "आवडलं म्हणून" एवढं सांगून मी विषय संपवत आले. गेल्या रविवारी, मी मुलींना शिकवते त्या ग्राउंडवर, एका मुलीच्या आईने हेच विचारलं. त्यांना माझ्याबद्दल काही जाणून घ्यायचं नव्हतं, स्वतःच्या लेकीचं ठरवायचं होतं. त्यांना मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

लाँगमध्ये माझी सगळ्यात मोठी उडी 5.92 मीटर. जिल्ह्यात पहिली, राज्यात कधी चौथी, कधी सहावी. सरावातसुद्धा मी सहा मीटर कधी ओलांडले नाहीत. लाँग म्हणजे मुळात वेग. बोर्डावर, म्हणजे उडी घ्यायच्या फळीवर, येताना अंगात जेवढा वेग असेल त्याच्यावरच उडी. बाकीची कारागिरी नंतरची. आणि माझे शंभर मीटर 12.8 सेकंदांच्या खाली काही केल्या येत नव्हते. अंजू बॉबी जॉर्जने 2003 साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत 6.70 मारून ब्राँझ आणलं, तेव्हा मी शाळेत होते. पेपरातला तिचा फोटो कापून मी कंपासपेटीत ठेवला होता. त्या फोटोपासून मी 78 सेंटिमीटर लांब राहिले, आणि ते कमी होणार नाहीत हे मला एकोणिसाव्या वर्षीच कळलं होतं. "चांगली होती की" म्हणणाऱ्यांना हे कधीच माहीत नसतं.

ट्रिपलमध्ये पहिला टप्पा हॉप. ज्या पायावरून उडायचं त्याच पायावर उतरायचं. मग स्टेप, म्हणजे दुसऱ्या पायावर. मग जंप, वाळूत. माझं डावा, डावा, उजवा. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा सर म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं?" कुणी कशाला शिकवायला हवं? लंगडी खेळत वाढलेली मुलगी मी. आमच्या गल्लीत सात-आठ जणींना बाद केल्याशिवाय माझा दुसरा पाय जमिनीला लागायचा नाही. लाँगमध्ये जी मी कायम धापा टाकत कुणाच्या तरी मागे असायचे, तिला इथे पहिल्यांदा वाटलं की हे आपलं आहे. वेग सांभाळायचा, प्रत्येक टप्प्याला थोडा जातोच, तो कमीत कमी जाऊ द्यायचा. त्यात डोकं लागतं, ताल लागतो. मला ते आवडलं. नुसतं आवडलं नाही, त्यासाठी मी पहाटे साडेचारला उठत होते.

आत्याचं म्हणणं, मुलींना ती उडी झेपत नाही. आत्या, असं तू एकटीच म्हणत नव्हतीस. ऑलिंपिकमध्ये बायकांची लांब उडी 1948 पासून आहे आणि तिहेरी उडी यायला 1996 उजाडलं. पण अंजूने दोन्ही मारल्या. आपल्याच मयूखा जॉनीने 2011 च्या जुलैत जपानमध्ये कोबेला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत लाँगचं सुवर्ण घेतलं आणि त्याच स्पर्धेत ट्रिपलला 14.11 मारून ब्राँझही घेतलं. माझं जे झालं ते त्याच वर्षी, थंडीच्या तोंडावर.

पुण्याला बालेवाडीत राज्याची स्पर्धा होती. त्याआधी सहा आठवडे डावा पाय दुखत होता. घोट्याच्या पुढे, पायाच्या वरच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. बोटाने दाबलं की डोळ्यात पाणी यायचं, चालताना काही नाही. गावाकडे एक्स-रे काढला होता, स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, मुरगळ आहे, तीन आठवडे आराम कर. मी चार दिवस केला. त्या जागेखालच्या हाडाची बारीक चीर साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला ऑपरेशननंतर समजलं. तेव्हा मला "स्वच्छ" हा शब्द ऐकायचा होता, तो ऐकला आणि निघाले.

सरांनी त्या दिवशी तीनदा विचारलं. उतरल्यावर, वॉर्म-अपनंतर, आणि तिसऱ्या उडीनंतर. "पाय कसा आहे?" तिन्ही वेळा मी म्हणाले, "ठीक आहे, सर." सकाळी वेदनाशामक गोळी घेतली होती, ते सांगितलं नाही.

पाच उड्या झाल्या तेव्हा माझ्या नावावर 12.44 होतं आणि मी चौथी होते. तिसरीचं 12.79. पाचवी उडी फाऊल होती. बोर्डाच्या कडेच्या मऊ प्लॅस्टिसिनवर माझ्या स्पाइकचा ठसा उमटला होता, चमच्याच्या टोकाएवढा. मी वाकून तो बघत राहिले. रन-अपची खूण अर्धा पाऊल मागे घेतली.

सहावी. बोर्ड बरोबर मिळाला, ते पायालाच कळतं. हॉप लांब गेला, खूप लांब, आणि डाव्या पायावर उतरून पुढे ढकललं त्या क्षणी आवाज झाला. वाळलेली शेवग्याची शेंग मोडल्यासारखा. कानाने ऐकला की हाडातून वर आला, सांगता येत नाही. दुखलं नाही. उजवा पाय आपोआप पुढे गेला, टेकला, उडाले, वाळूत पडले.

मग दुखलं. पण आधी आठवला तो नियम. पिटमधून बाहेर पडताना मागे यायचं नाही. वाळूतल्या खुणेच्या पुढूनच बाहेर निघायचं, नाहीतर झालेली उडीसुद्धा फाऊल. उभं राहता येत नव्हतं. मी हातांवर आणि गुडघ्यांवर पुढे सरकत गेले, डावा पाय वर धरून, पिटच्या पार टोकापर्यंत. तोंडात वाळू. मागून कोणीतरी ओरडत होतं, "थांब, थांब." मी थांबले नाही. टोकाला पोचून वळून बघितलं तर पांढरा झेंडा वर होता, म्हणजे उडी धरली होती. टेप लागेपर्यंत मी स्ट्रेचरवर झोपायला तयार नव्हते.

12.87. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब उडी. तिसरा नंबर.

पायात स्क्रू बसला. दीड वर्षाने परत सराव सुरू केला, पण हॉपवर उतरायची वेळ आली की पाय आधीच वाकायचा; मी सांगायच्या आधीच तो घाबरायचा. 2014 मध्ये सोडलं.

आता तुम्ही म्हणाल, बघ, आम्ही काय म्हणत होतो. थांबा. त्या तिसऱ्या नंबरच्या प्रमाणपत्रावर मला खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी लागली. धाकट्या भावाचं शिक्षण त्या पगारावर झालं. लाँगमध्ये चौथी-सहावी येत राहिले असते तर पाय राहिला असता, नोकरी नसती. हे मी पाहुण्यांना कधी सांगितलं नाही, कारण त्यातून मी पायाचा सौदा केला असं वाटतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी डोक्यात नोकरी नव्हती. 12.79 होतं.

आणि ट्रिपलने पाय घेतला, हेही मला मान्य नाही. तिहेरी उडीत एकेका टप्प्याला पायावर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून जास्त भार येतो, हे खरं. पण तोच भार घेत कितीतरी जणी दहा-दहा वर्षं उडतात. पाय गेला तो "ठीक आहे, सर" या तीन शब्दांनी. एकवीस वर्षांची ती मी यावर लगेच म्हणते, एक्स-रे स्वच्छ होता, मी काय करणार होते? मी म्हणते, दाबलं की रडायचीस, ते काय होतं? ती म्हणते, सांगितलं असतं तर सरांनी उतरवलं असतं, आणि आज तू कुठे असतीस? इथे माझं बोलणं खुंटतं. सरांना खरंच कळलं नव्हतं का, हेही अधूनमधून मनात येतं. तिसऱ्यांदा विचारताना ते माझ्या पायाकडे बघत होते, तोंडाकडे नाही. ते गेले. विचारायचं राहिलं.

2018 च्या ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांतली बायकांची ट्रिपल मी मोबाईलवर बघत होते. थायलंडची परिन्या च्युआइमारोएंग आणि व्हिएतनामची वू थी मेन, दोघींचं 13.93. बरोबरी झाली की दुसऱ्या क्रमांकाची चांगली उडी मोजतात. रौप्य थायलंडला गेलं. आशियाच्या त्या टोकाकडून, ज्यांची नावं आपल्याकडच्या पेपरात येतही नाहीत अशा दोन मुली, आणि सेंटिमीटरचाही फरक नाही. मी प्रत्येक हॉपला श्वास धरत होते आणि स्टेप पडली की सोडत होते. मुलगा म्हणाला, "आई, तू का रडतेस, आपली कोण आहे त्यात?" कोणी नव्हतं. मला हेवा वाटत होता. दुःख म्हणत नाही मी, हेवा. पाय गेल्याचं वाईट वाटण्यापेक्षा परत तो हॉप करता येणार नाही याचं जास्त वाटतं, आणि हे ज्याने केलं नाही त्याला कसं समजवायचं ते मला अजून जमलेलं नाही.

त्या आईंना काय सांगू? मुलगी चौदा वर्षांची आहे. वेग बेताचा, लाँगला पाच मीटरच्या आत. हॉप मात्र असा की बघत राहावं. ट्रिपल नको म्हटलं तर मी आत्या झाले. हो म्हटलं तर उद्या तिला "पाय कसा आहे" विचारल्यावर ती काय सांगेल, हे मला माहीत आहे.

सध्या तिला लाँगच देते. परवा सराव संपवून सगळ्या पाणी प्यायला गेल्या, ही एकटीच पिटच्या बाजूच्या मातीवर राहिली होती. पाठमोरी. चार पावलं पळाली आणि डावा, डावा, उजवा. परत मागे गेली आणि परत. मी नळाजवळून बघत होते. चौथ्या वेळी उतरल्यावर तिने डावं पाऊल जरासं झटकलं.

मी तिला हाक मारली, कट्ट्यावर बसवलं, बूट आणि मोजा काढायला लावला आणि अंगठ्याने घोट्याच्या पुढची ती जागा दाबली.

"दुखतंय?"

"नाही, मॅडम. ठीक आहे."

मी अंगठा तिथेच ठेवला आणि तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले.